जोर कुठे लावायचा: बारा आठवड्यांच्या वेटलिफ्टिंग ब्लॉकच्या नोंदी

तालुक्याच्या ठिकाणचा हॉल, आठ लिफ्टर: पाच मुलं, तीन मुली. सगळे किमान दीड वर्ष स्नॅच (बार एका दमात जमिनीवरून डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) करणारे. ब्लॉकचा, म्हणजे ठरावीक आठवड्यांच्या सरावाच्या टप्प्याचा, हेतू एकच. वेळापत्रकात लिहिलेली टक्केवारी (एकदाच उचलता येणाऱ्या कमाल वजनाची) आणि लिफ्टर प्रत्यक्षात लावत असलेला जोर यांत किती अंतर आहे ते बघायचं, आणि ते कमी करायचं. वजनी गट १ जून २०२५ पासून लागू झालेले नवे धरले आहेत.

२ जून २०२५
आधी सामानाचं वजन. बाजारातल्या धान्याच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा संध्याकाळपुरता आणला. २० किलोचा म्हणून वापरात असलेला जुना बार १८.२ किलो भरला. २० चा शिक्का असलेल्या लोखंडी प्लेटांपैकी सर्वांत हलकी १९.१, सर्वांत जड २०.८. या दोन समोरासमोर लागल्या तर बार एका बाजूला १.७ किलो जड. स्नॅच सारखी उजवीकडे जाते म्हणून ज्याच्या खांद्याची लवचिकता तपासण्यात दोन आठवडे गेले होते, त्याच्या बारवर नेमकी हीच जोडी असायची. रबरी प्लेटा बऱ्या निघाल्या, १०० ग्रॅमच्या आत फरक.

प्रत्येक प्लेटवर ऑइल पेंटने खरं वजन लिहिलं, वजनाप्रमाणे जोड्या लावल्या. अडीच तास लागले. हे न करता टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. ५० किलो स्नॅच करणाऱ्या मुलीसाठी बारमधला १.८ किलोचा घोळ म्हणजे जवळपास ४ टक्के.

५ जून
हॉलमधली सर्वांत छोटी प्लेट १.२५ किलोची, म्हणजे वाढ कमीत कमी अडीच किलोची. ४५ वरून थेट ४७.५. हलक्या गटातल्या मुली महिनोन् महिने एकाच वजनावर अडकतात याचं अर्धं कारण हेच. स्पर्धेत वाढ १ किलोने होते आणि निकालही तेवढ्यावर फिरतो. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात सांगलीच्या संकेत सरगरने स्नॅच ११३ आणि क्लीन अँड जर्क १३५ असे एकूण २४८ किलो उचलले, सुवर्ण मलेशियाच्या लिफ्टरला २४९ वर गेलं.

लेझर कटिंगवाल्याकडून ६ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याच्या चकत्या कापून घेतल्या. मधलं भोक ५२ मिलिमीटर (बारची बाही ५० ची असते). अर्ध्या किलोसाठी बाहेरचा व्यास १२७, पाव किलोसाठी ९७. एक किलोसाठी १० मिलिमीटर पत्रा आणि १३८ व्यास. प्रत्येकी दोन जोड्या, सगळं मिळून १,६५० रुपये. कडा कानशीने घासून घ्यायला विसरू नका, नाहीतर पहिल्याच दिवशी कुणाचं तरी बोट कापतं.

९ ते ११ जून
सुरुवातीचे आकडे. आठपैकी चौघांचेच इथे देतो, बाकीचे यांच्या मधले. प्रत्येकाची कमाल, किलोत. क्रम स्नॅच, क्लीन अँड जर्क, बॅक स्क्वॉट (बार मानेमागे खांद्यांवर घेऊन बैठक).

४८ किलो गट, मुलगी: ४७, ६०, ७८.
६५ किलो गट, मुलगा: ८८, ११०, १३०.
७१ किलो गट, मुलगा: ९०, ११२, १५०.
७९ किलो गट, मुलगा: ९५, ११८, १६०.

१४ जून
पहिली खरी चाचणी. बॅक स्क्वॉट, ८० टक्के, एकच सेट (सलग केलेल्या रेप; एक रेप म्हणजे एक उचल). सूचना एवढीच: ‘दोन रेप शिल्लक आहेत असं वाटलं की थांबा.’ ४८ वालीने ६२.५ किलोवर ५ रेपला बार ठेवला. ६५ वाला १०४ वर ६ ला थांबला, ७९ वाला १२८ वर ७ ला. ७१ वाला १२० वर ५ ला थांबून म्हणाला, अजून तीन निघाल्या असत्या. तीन हा आकडा वहीत तसाच लिहिला.

१७ जून
तेच वजन, पण आता थांबायचं प्रशिक्षकाने सांगितल्यावर किंवा बार अडकल्यावर. दोन्ही बाजूंना एकेक माणूस.

६५ वाल्याच्या ८ झाल्या, अंदाज बरोबर. पाच वर्षांचा सराव आहे, अपेक्षितच. ४८ वालीच्या ११ झाल्या. ७९ वाल्याच्या १०, त्याही ‘बास, बास’ म्हणत. ७१ वाला सहा नीट करून सातव्याला खालीच बसला, दोघांनी बार उचलून घेतला.

८० टक्क्यांवर ११ रेप निघत असतील तर ते ८० टक्के नव्हतेच. ढोबळ सूत्र आहे: रेपला ३० ने भागा, त्यात १ मिळवा, उचललेल्या वजनाने गुणा. ६२.५ वर ११ म्हणजे कमाल साधारण ८५. मुलगी ७८ ला ‘कमाल’ म्हणत होती. २१ तारखेला पुन्हा कमाल काढली: ८४. म्हणजे दीड वर्ष तिचा जड दिवस हा मध्यम दिवस होता. वेळापत्रक कागदावर ठीक होतं, पायाचा आकडा खोटा होता.

१९ जून
७९ वाला ‘बास’ का म्हणतो याचा छडा. जिगर नाही, असं हॉलमध्ये सगळ्यांचं ठरलेलं मत. विचारल्यावर कळलं, त्याला बार मागे टाकता येत नाही. पूर्वी एकदा खाली अडकला होता आणि बार मानेवरून पुढे गेला होता. बार टाकता न येणारा माणूस तळाशी दोन-तीन रेप राखूनच ठेवणार, तो शहाणाच म्हणायचा.

संपूर्ण सत्र बार टाकण्यावर घालवलं. रिकामा बार आणि १० च्या रबरी प्लेटा, एकूण ४० किलो. खाली बसायचं, छाती वर, हात सोडायचे आणि त्याच क्षणी पुढे उडी. चूक होते ती अशी: लोक आधी पुढे वाकतात आणि मग सोडतात, त्यामुळे बार डोक्यावरून येतो. आधी सोडा, मग उडी. प्रत्येकाने दहा-दहा वेळा टाकला. पुढे ६०, मग ८०. मागे कुणी उभं राहायचं नाही, लोखंडी प्लेटांनी हे करायचं नाही.

२४ जून
लोखंडी प्लेटांवर स्क्वॉट करणाऱ्यांसाठी वेल्डिंगवाल्याकडून दोन सुरक्षा घोड्या करून घेतल्या. ५० मिलिमीटर चौकोनी पाइप, ३ मिलिमीटर जाडी, उंची बदलायला ५ सेंटिमीटरवर भोकं. पहिल्या आल्या त्यांना पुढच्या टोकाला ओठच नव्हता. त्यावर टेकवलेला बार सरळ गडगडत खाली. परत पाठवल्या, चार दिवस गेले. आता दोन्ही टोकांना ६ सेंटिमीटरचा ओठ, वर जुन्या टायरचा पट्टा. ६,८०० रुपये, या ब्लॉकमधला सर्वांत मोठा खर्च.

उंची: लिफ्टर पूर्ण खाली बसल्यावर बार घोडीच्या २ ते ३ सेंटिमीटर वर राहिला पाहिजे. जास्त वर लावली तर प्रत्येक रेपला बार आपटतो. जास्त खाली लावली तर अडकलेला माणूस कंबर वाकवून खाली पोचतो, मग घोडी असून नसून सारखीच.

३० जून
उलटा परिणाम. ‘शेवटपर्यंत जा’ हे स्क्वॉटसाठी सांगितलं होतं, पोरांनी ते स्नॅचलाही लावलं. दुसऱ्या आठवड्यात स्नॅचच्या चुकलेल्या रेप हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या. या आठवड्यात चौथी-पाचवी रेप चुकते आहे. दोघांची मनगटं दुखतायत, एकाचं कोपर.

स्क्वॉट आणि स्नॅचमधला फरक हॉलमध्ये मोठ्या अक्षरांत लावला. स्क्वॉट थकल्यावर हळू होतो, पण होतो. स्नॅच हळू झाली की होतच नाही. बार दोन-तीन सेंटिमीटर पुढे गेला, हात लवकर वाकले, की लिफ्ट गेली, आणि ती स्नायू संपल्यामुळे गेलेली नसते. तिथे आणखी जोर लावला तर हात आणखी लवकर वाकतात.

ठरलेले नियम:
स्नॅच आणि क्लीन अँड जर्क ८० ते ९० टक्क्यांत, एका सेटला दोनच रेप, एकूण १५ च्या आसपास. हा आकडा सोव्हिएत प्रशिक्षक प्रिलेपिनच्या जुन्या तक्त्यातला आहे, अजून चालतो. एका वजनावर दोनदा चुकलं की १० टक्के उतरायचं, तीन स्वच्छ सिंगल (एकेकट्या रेप) करायच्या आणि त्या दिवशी ती लिफ्ट बंद. तिसरा प्रयत्न नाही. रागाच्या भरात मारलेल्या तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात लिफ्टर चुकायचाच सराव करत असतो.
शर्थ करायची ती स्क्वॉट आणि पुलमध्ये (पुल म्हणजे बार जमिनीवरून नुसता वर खेचणं, डोक्यावर न नेता). जड दिवशी ५ रेपचा एक वरचा सेट, एकच रेप शिल्लक राहील असा, मग १० टक्के कमी करून तीन सेट. तीन आठवड्यांतून एकदा शेवटचा सेट मोकळा, जमतील तितक्या रेप.

४ जुलै
पाऊस. मॅग्नेशियमचा खडू दमट होऊन हातावर लगदा होतोय. क्लीनच्या वरच्या वजनांवर दोघांची पकड सुटली आणि दोघांनीही वहीत ‘आज मन लागत नव्हतं’ असं लिहिलं. खडू बदलून दिला, त्याच वजनाच्या तीन सिंगल झाल्या. मनाचा काही संबंध नव्हता.

खडू आता घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाशी कापडी पुरचुंडीत सिलिका जेल. ५६ ग्रॅमचे १६ ठोकळे, ९६० रुपये. बारच्या खाचांत अडकलेला जुना खडू पाणी धरतो आणि गंज चढतो. आठवड्यातून एकदा नायलॉनच्या ब्रशने कोरडं घासायचं, मग मशीन ऑइलचा हलका हात मारून कापडाने पूर्ण पुसून काढायचं. तारेचा ब्रश वापरू नका, खाचा बोथट होतात.

१० जुलै
‘किती शिल्लक’ याचा अंदाज सुधारायला मोबाइल. ४५० रुपयांचा स्टँड, कंबरेच्या उंचीवर, बरोबर बाजूने, सेकंदाला ६० फ्रेम. तळापासून गुडघे सरळ होईपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. ७९ वाल्याची १४० वर पहिली रेप ५८ फ्रेम, पाचवी ७४. म्हणजे बरंच शिल्लक, तरी वहीत त्याने ‘शून्य’ लिहिलेलं. ७१ वाल्याची १३० वर पहिली ६१, चौथी १३५. त्याने लिहिलं ‘दोन’.

इथल्या आठ जणांत असं दिसलं: रेपला पहिलीच्या दुप्पट वेळ लागला की फार तर एक शिल्लक असते. दीडपटीला दोन-तीन. हा आकडा दुसऱ्या हॉलमध्ये जसाच्या तसा उचलू नका, प्रत्येकाचा स्वतःचा काढा. लांब मांड्यांच्या मुलीची पहिली रेपच सावकाश असते. आणि पहिली रेप मुद्दाम हळू केली तर मोजणी फसते, हे दोघांनी करून पाहिलं.

दोन आठवड्यांत सहा जणांचा अंदाज एका रेपच्या आत आला. त्यानंतर मोबाइल फक्त जड दिवशी. रोज चित्रण केलं की सेटमधली विश्रांती चित्रफीत बघण्यात जाते आणि तीन मिनिटांची सात होतात.

१६ जुलै
आरडाओरडा. ७१ वाला प्रत्येक सेटआधी मांड्यांवर चापट्या मारतो, ओरडतो, स्पीकर मोठा करायला लावतो. पहिल्या दोन सेटला बरं दिसतं. चौथ्या सेटला हातपाय थरथरतात आणि पुल घाईत सुटतो. स्नॅचमध्ये बार गुडघ्याखालीच खेचून घेतो, मांडीला लागतच नाही.

बदल: स्पीकर स्नॅचच्या वेळेत बंद. पेटून उठायचं ते आठवड्यातून एकदाच, स्क्वॉटच्या वरच्या सेटला. स्नॅचसाठी ठरलेला क्रम, प्रत्येक रेपला, रिकाम्या बारलासुद्धा: खडू, बारपासून एक पाऊल मागे थांबून एक श्वास, पाय, पकड, एक शब्द, उचल. बारला हात लावल्यानंतर पाच सेकंदांत बार हलला पाहिजे. बारवर जास्त वेळ वाकून बसलं की पाठ सैल पडते.

शब्द प्रत्येकाचा एकच, महिनाभर तोच. ७१ वाल्याचा ‘थांब’ (गुडघ्यापर्यंत घाई नको म्हणून), ४८ वालीचा ‘टाच’. आणि बोलायचं एकाच माणसाने. आधी चार दिशांनी चार जण ओरडत: कोपर वर, छाती वर, खाली घुस, ओढ ओढ ओढ. लिफ्टला दीड सेकंदही लागत नाही, त्यात चार सूचना कुणाच्या डोक्यात शिरणार?

हे बसायला तीन आठवडे लागले. पहिल्या आठवड्यात ७१ वाल्याची स्नॅच उलट ४ किलोने खाली आली आणि तो वैतागला. धरून ठेवलं.

२८ जुलै
श्रावण लागला. पहिला सोमवार. सोमवार हा जड स्क्वॉटचा दिवस आणि आठपैकी पाच जणांचा उपवास. साबुदाणा खाऊन आलेले, दुपारनंतर पाणीही बेताचंच. ८५ टक्क्यांवर नेहमी तीन शिल्लक असतात, आज शून्य किंवा एक. फ्रेमही तेच सांगतात, म्हणजे नाटक नाही.

जड दिवस मंगळवारी हलवला. सोमवारी ७० टक्क्यांपर्यंत फक्त तंत्र. उपवास सोडा असं सांगून काही होत नाही, तो वाद घालत बसण्यात वेळ जातो. अंडी-मटण महिनाभर बंद असणाऱ्यांना इतर दिवशी सोया वड्या, पनीर, दूध, भिजवलेला हरभरा. ५० ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात आणि खर्च नगण्य.

७ ऑगस्ट
५३ किलो गटातल्या मुलीचा जर्क. ६८ वर क्लीन सहज, जर्कला दर वेळी पुढचा पाय अर्धवट पडतो. चार जणांचं निदान: घाबरते. तिने स्वतःही तेच लिहिलं.

पाय कुठे पडतो ते खडूने आखलं. बरोबर प्लायवूडच्या जोडावर. एक फळी दमटपणाने फुगून ४ मिलिमीटर वर आलेली, हाताने चाचपल्यावर लागते. बुटाचं टोक तिथे अडखळायचं आणि तीन-चार अडखळण्यांनंतर तिने पाऊलच आखडतं घेतलं होतं. फळी बदलली, डोकं आत बसणारे स्क्रू मारले, जोड दोन्ही बुटांच्या जागेपासून दूर राहील अशी फिरवली. १,१८० रुपये आणि एक रविवार. सवय जायला आणखी दहा दिवस लागले. त्यानंतर ६८, ७०.

१९ ऑगस्ट
दोन मुलं ढोलपथकात. रात्री अडीच तास कंबरेला ढोल, घरी पोचायला साडेअकरा. कंबर आणि दंड भरलेले, झोप साडेपाच तास. वहीत जोराचा आकडा रोज दहापैकी नऊ-दहा, बारवर मात्र ७५ टक्के.

यांचं वजन कमी केलं नाही, काम कमी केलं. स्क्वॉटचा वरचा सेट तसाच, खालचे तीन सेट काढून एकच ठेवला. पुल निम्मे. ताकद टिकवायला थोडंसं पण जड काम पुरतं. हलकं आणि भरपूर करून फक्त थकवा वाढतो. दोघांचेही आकडे पडले नाहीत, वाढलेही नाहीत.

२५ ऑगस्ट
ब्लॉकची अखेरची चाचणी ३० तारखेला ठेवलेली. २७ ला गणपती. तारीख ठरवताना कॅलेंडर कुणी पाहिलं नव्हतं. चाचणी विसर्जनानंतर, १३ सप्टेंबरला. मधल्या काळात आठवड्याला दोन छोटी सत्रं, ८० टक्क्यांवरच्या सिंगल.

१३ सप्टेंबर
सराव स्पर्धा, पूर्ण नियमांनी. तीन-तीन प्रयत्न, घड्याळ लावून: ६० सेकंद, आपल्याच मागे आपला प्रयत्न असेल तर १२०. ३० सेकंद उरले की इशारा. बारवर एकदा चढवलेलं वजन पुढे कमी करता येत नाही.

पहिला प्रयत्न निवडताना वाद झाले. निकष ठेवला: उपवासाच्या किंवा ढोलाच्या दिवशीही जे वजन गेलं होतं ते. साधारण ९२ टक्के. तिन्ही क्लीन अँड जर्क चुकले तर एकूण वजन मिळतच नाही. मीराबाई चानूच्या बाबतीत २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये हेच झालं. टोकियोत तिने ८७ आणि ११५ असे २०२ करून रौप्य घेतलं.

६० सेकंदांचा सराव कमी पडला हे लगेच दिसलं. खडू लावण्यातच २५ सेकंद. एकाचा प्रयत्न वेळेअभावी गेला. ठरलेल्या क्रमाला किती सेकंद लागतात ते आधीपासून मोजायला हवं होतं. सरासरी १८ निघाले.

४८ वाली: ५१, ६४. ६५ वाला: ८९, ११२. ७१ वाला: ९५, ११४. ७९ वाला: ९९, १२२.

१६ सप्टेंबर
स्क्वॉट वेगळ्या दिवशी: ४८ वाली ९० (खऱ्या ८४ वरून, कागदावरच्या ७८ वरून नव्हे), ६५ वाला १३३, ७१ वाला १५२, ७९ वाला १७८. सर्वांत मोठी उडी ७९ वाल्याची. त्यातली बरीचशी ताकद त्याच्यात आधीपासून होती, १९ जूनला बार टाकायला शिकल्यावर ती वापरायला मिळाली. ७१ वाल्याच्या स्क्वॉटमध्ये उरलेलं काही नव्हतंच, त्यामुळे तिथे २ किलो आणि शांत झाल्यावर स्नॅचमध्ये ५.

खर्च: चकत्या १,६५०, घोड्या ६,८००, खडू ९६०, स्टँड ४५०, प्लायवूड १,१८०. एकूण ११,०४०.

वहीचे रकाने पुढच्या तुकडीसाठी असे ठेवलेत: तारीख, झोपेचे तास, लिफ्ट, वजन, रेप, शिल्लक (सेट संपल्यावर लगेच, फ्रेम बघण्याआधी), चुकलेल्या रेप आणि त्या कुठे गेल्या, पुढे की मागे. ‘मन:स्थिती’ हा रकाना काढून टाकला. त्याजागी ‘आज वेगळं काय होतं’ असा ठेवला. त्यात खडू, उपवास, बूट, परीक्षा असं काहीतरी उपयोगाचं लिहिलं जातं.

पुढचा ब्लॉक दिवाळीनंतर. त्याआधी १८.२ चा बार बदलायचा आहे. मुलींसाठी १५ किलोचा, २५ मिलिमीटरचा बार अजून नाही, तिन्ही मुली २८ च्या जाड बारवरच क्लीन करतायत, आणि ४८ वालीची पकड ६४ च्या वर सुटते ती बहुतेक त्यामुळेच.